पेटीतली जागा

“यातली दोन-चार पत्रं पुसून टाका, काका. पेटी भरत आलीय,” सुकन्या म्हणाली आणि भागवतने उघड्या तारेला लागल्यासारखा माऊसवरचा हात मागे घेतला.

“पुसायचं म्हंजी?”

“काढून टाकायची. जुनी, वाचून झालेली.”

“पोराची पत्रं? आन् ती मी पुसायची?”

पारनेरच्या पेठेत सुकन्याने तीन कॉम्प्युटर मांडून नेटचं दुकान काढलं, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. साल दोन हजार एक. तिचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे भागवत. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नवी तांब्याची तार भरून चालत्या करायच्या, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. मोटार नुसती हुंकारली तरी तिचं दुखणं सांगणारा हा माणूस माऊस मात्र दोन्ही हातांनी धरायचा. मुलगा वाल्मिक त्याच्याच हाताखाली शिकला आणि इलेक्ट्रिशियन होऊन मस्कतला गेला. दर रविवारी बाजार उरकला की भागवत त्याचं पत्र वाचायला येई आणि ‘चिरंजीव वाल्मिक यास अनेक आशीर्वाद’ इथपासून आपलं पत्र सांगे. सुकन्या ते इंग्रजी अक्षरांत टाईप करी. आशीर्वादाशिवाय पत्र सुरू करायला भागवत तयार नसे.

पहिल्याच दिवशी तिने त्याला समजावलं होतं, “पत्र इथे येत नाही, काका. लांबच्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या नावाची पेटी आहे, तिथे येऊन थांबतं. आपण टेलिफोनच्या तारेवरून तिथे जायचं, पासवर्डची किल्ली लावायची आणि वाचायचं.”

“आन् मी आलोच न्हाई तर?”

“तर ते तुमची वाट बघत थांबतं.”

हे थांबणं भागवतला फार आवडलं होतं. पण त्या थांबण्याला जागा लागते, आणि फुकटच्या पेटीला ती बेताचीच असते, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला.

त्याच्या घरी तुळईला एक वाकवलेली तार टांगलेली होती. आलेलं प्रत्येक पत्र वाचून त्या तारेत ओवायचं, ही वडिलांपासूनची रीत. फाडायचं ते फक्त मयताची खबर देणारं पत्र. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडायचं, घरात आणायचं नाही. जित्या माणसाचं पत्र फाडणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं.

“मग मी छापून देते सगळी. घरी तारेला लावा,” सुकन्या म्हणाली.

“नक्कल ठिवायची आन् असल फाडायची? लई शिकलीस गं!”

“बरं, दुसरी पेटी उघडू.”

“पोराला ह्योच पत्ता पाठ हाय. न्हाई, पुसायचं न्हाई.”

सुकन्याने हसून हात टेकले. थोडी जागा अजून असेल, असं तिला वाटलं. पुढच्या रविवारी बघू, असं दोघांनी ठरवलं.

पण भागवत शनिवारीच आला. सुकन्या दुकानाचं शटर वर ढकलत होती. तो पायरीशी उभा होता, डोक्याला टोपी नव्हती.

“वाल्या गेला,” तो म्हणाला.

शेजाऱ्याकडे वाल्मिकच्या खोलीवरच्या गहिनीनाथचा फोन आला होता. गुरुवारी संध्याकाळी कामावर शॉक लागला, जागेवरच संपला. कंपनीच्या कागदावर बापाची सही पाहिजे, ती फॅक्सने पोचली की देह विमानात चढवणार.

“कागद काल दोनदा धाडला म्हनं. दोनीदा माघारी गेला. पेटीत जागा न्हाई. आता दहा वाजता ह्याच पत्त्यावर परत धाडनारेत.” तो खुर्चीवर बसला. “आन् बुधवारी वाल्यानंबी लिव्हलं हुतं. तेबी माघारी गेलं. काय लिव्हलं हुतं, ते गहिन्याला ठावं न्हाई.”

सुकन्याने घाईने कॉम्प्युटर चालू केला.

“माघारी म्हंजी कुठं गेलं गं?”

“ज्यानं टाकलं त्याच्याच पेटीत, काका.”

“ती उघड मग.”

“तिची किल्ली त्याच्यापाशीच होती.”

पोराचं काही वाईट होऊ नये म्हणून आपण पत्रं धरून बसलो आणि पोराच्या शेवटच्या पत्रालाच जागा ठेवली नाही. हे भागवतला स्वच्छ कळलं, आणि ते कुणाला सांगण्याजोगंही नव्हतं.

दहा वाजायला पंधरा मिनिटं होती.

“पुस,” तो म्हणाला.

सुकन्याने वाल्मिकचं पहिलं पत्र निवडलं. ‘सुखरूप पोचलो. आईला सांगा, इथं भाकरी मिळते.’

“थांब.” त्याने तिचा हात अडवला. “मी धाडलेली कुठं असत्यात?”

तिने दुसरा कप्पा उघडला. तिथे प्रत्येक पत्राची प्रत होती, आशीर्वादासकट. दिवाळीत त्याने पाठवलेला फोटोही होता, दुकानापुढे तो आणि त्याची बायको रतनबाई, उन्हाने डोळे बारीक केलेली.

“ह्येंचंबी वजन धरत्यात व्हय?”

“धरतात. फोटो तर सगळ्यात जड. निम्मी पेटी त्यानेच...” सुकन्या एकदम थांबली. तिचे डोळे भरून आले. “काका, हे मला त्या रविवारी सुचायला हवं होतं.”

भागवतने तिच्याकडे पाहिलं. रागवायला त्याच्यात काही उरलं नव्हतं आणि पोरगी त्याला वाल्मिकच्याच वयाची दिसली.

“तू कशाला रडती? नको म्हननारा मीच हुतो,” तो म्हणाला. “माजी पुस. माजं आता कोन वाचनार हाय?”

तिने एकेक पत्र पुसलं. फोटो त्याने स्वतः पुसला, दोन्ही हातांनी माऊस धरून.

दहा वाजून गेल्यावर कंपनीचं पत्र आलं. सुकन्याने ते छापलं, तसा भागवत उठून पायरीखाली जाऊन उभा राहिला.

“भाईर यिऊन वाच.”

तिने रस्त्यावर उभं राहून वाचलं. त्याने सही केली, फॅक्स गेला. मग त्याने तो कागद तिथंच फाडला आणि म्हणाला, “त्या पेटीतलंबी पुस. घरात नको.”

सहाव्या दिवशी वाल्मिक गावी आला. दहावा-तेरावा झाला. महिनाभर कुणी उघडली नाही, तर पेटी आपोआप बंद होते आणि आतलं सगळं जातं, असा नियम होता. वाल्मिकची पेटी तशी बंद झाली आणि बुधवारचं पत्र तिच्याबरोबर गेलं.

भागवतची मात्र चालू राहिली. रविवारी बाजारात आला की तो दुकानात डोकवायचा. सुकन्या पेटी उघडायची. पोराची पत्रं एकाखाली एक तशीच असायची. तो ती वाचायला सांगायचा नाही.

“जागा हाय ना आता?” तो एवढंच विचारायचा.

“आहे, काका. भरपूर आहे.”

मग तो मान हलवायचा, खाली ठेवलेली पिशवी उचलायचा आणि भाजी घ्यायला बाजाराकडे वळायचा.