वायपरच्या मोटारीचा श्वास

मेहुणा माझा जन्माचा आळशी. पण श्वास घ्यायचाही आळस करेल असं वाटलं नव्हतं.

इस्पितळात श्वास देणारी यंत्रं नव्हती असं नाही. तळघरात नव्याकोऱ्या यंत्रांची खोकी पडली होती. कंपनीचा माणूस येऊन सील तोडेपर्यंत हात लावायचा नाही, असा वरून हुकूम. माणूस गेला तरी चालेल, सील तुटता कामा नये. म्हणून वॉर्डात नातेवाईक रबरी फुगा दाबत बसलेले. दाबला की रोग्याच्या छातीत हवा जाते, सोडला की बाहेर येते. दाबणारा थांबला की खेळ खलास. मेहुण्यासाठी माझी बायको आणि तिची वहिनी आळीपाळीने दाबत होत्या. बायकोची बोटं सुजून सरळ होईनात.

"अहो, आपल्या गॅरेजात वायपरच्या एवढ्या मोटारी गंजत पडल्यात," ती म्हणाली. "एखादी माझ्या भावासाठी फिरवा की."

"वायपरच्या मोटारीनं काच पुसतात गं."

"मग पुसू नका. दाबा."

भंगारातल्या गाडीची मोटार काढली. बॅटरी, दाराची बिजागरी, दोन फळ्या आणि वेग आवरायला इलेक्ट्रिक सायकलचा रेग्युलेटर. दोन फळ्यांमध्ये फुगा. मोटारीचा दांडा फिरला की वरची फळी त्याला दाबणार. वॉर्डातल्या डॉक्टरबाई तपासायला गॅरेजात आल्या. त्यांनी फुग्याच्या तोंडाला फुफ्फुस म्हणून रबरी हातमोजा बांधला. श्वास किती सावकाश, किती खोल, हे त्या हाताने दाखवत होत्या, मी रेग्युलेटर फिरवत होतो. मोजा फुगला, बसला, परत फुगला.

"कास दिसतेय ही, डॉक्टरबाई."

"दूध नकोय मला. चालू द्या."

बराच वेळ चालल्यावर त्यांनी बटण बंद केलं. फळी खाली आली आणि तिथेच बसली. मोजा पाची बोटं ताठ करून तसाच फुगलेला.

"हा बसत का नाही?"

"बंद केलं की वायपर आपल्या जागी जाऊन आडवा होतो. मोटारच तशी असते."

"आणि आडवा म्हणजे फुगा दाबलेला?"

उभी हयात वायपर आडवे करण्यात गेली; दांडा बसवताना हातानेच तो तसा बसवला. काचेचा आराम म्हणजे दांडा खाली. छातीचा आराम म्हणजे फुगा मोकळा.

"कफ ओढताना मी हे दर खेपेला बंद करणार," त्या म्हणाल्या. "हवा आतच कोंडली असती. माझ्याही डोक्यात नव्हतं हो, उगाच बंद करून पाहिलं."

नट सोडवला, दांडा अर्धा फिरवून परत आवळला. आता बटण बंद केलं की फळी वर जाऊन थांबायची. त्यांनी बोट दुखेपर्यंत चालू-बंद करून पाहिलं, मगच उचला म्हणाल्या.

वॉर्डात मेहुण्याच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा नवरा एकटाच फुगा दाबत होता. मान छातीवर पडायची, हात थांबायचा, मग दचकून परत दाबायचा.

बायकोने माझ्या हातातलं यंत्र पाहिलं. भावाचा फुगा न सोडता म्हणाली, "तिकडे लावा."

"तुझ्या भावासाठी केलंय ना?"

"माझ्या भावासाठी मी आहे, वहिनी आहे. ते एकटे आहेत. आणि तुमचे हात काय खिशात ठेवायला दिलेत?"

मला राग आला. तिचा आला, त्या म्हाताऱ्याचा आला, आणि शेवटी तो तळघरातल्या खोक्यांवर गेला, जिथे आधीच जायला हवा होता. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"लावा," मी म्हणालो. "पण भंगारातली मोटार आहे, नजर ठेवा."

"मी इथेच आहे."

फळी खाली आली. म्हातारीची छाती उचलली, बसली, पुन्हा उचलली. म्हाताऱ्याचा हात मोकळा झाला तरी मूठ बंद-उघड होतच राहिली.

मी बायकोच्या जागी बसलो. "घाई नको," ती म्हणाली. "पूर्ण सोडा, मग दाबा." मेहुण्याची छाती माझ्या हाताखाली वर आली. आमच्या लग्नात हा माझ्याशी धड चार शब्द बोलला नव्हता.

थोड्या वेळाने म्हातारा तोंड धुऊन आला आणि माझ्या खांद्याशी उभा राहिला.

"सरका जरा."

"बाबा, तुम्ही आधी आडवे व्हा."

"तिच्यापाशी डॉक्टर आहेत. मला दाबता येतं," तो म्हणाला आणि बाही वर सारली.