नात्याच्या रकान्यात जाऊ

फोन वाजला तेव्हा धाकटीच्या तोंडात दोन टाचण्या होत्या आणि पायाखाली मशीन चालू होतं. टाचण्या काढून तिने फोन उचलला.

"नमस्कार, स्मशानभूमीच्या कार्यालयातून बोलतेय. उद्या अकराला कलश बघायला येताय ना? आगाऊ नोंदणीचा राहिलेला अर्जही तेव्हाच पुरा करून टाकू."

"राँग नंबर," असं म्हणून धाकटी फोन ठेवणार, तोच पलीकडच्या बाईंनी नाव आणि पत्ता वाचून दाखवला. पत्ता दुकानाचाच होता आणि नाव थोरलीचं.

कपडे दुरुस्तीचं हे दुकान दोघा भावांनी काढलं होतं. आधी थोरला भाऊ गेला, पाच वर्षांनी धाकटाही गेला आणि दुकान त्यांच्या बायकांच्या गळ्यात पडलं. थोरली मापं घ्यायची, खडूने खुणा करायची, कात्री चालवायची. धाकटी मशीनवर बसायची. राहायच्या वरच्याच दोन खोल्यांत. एकोणचाळीस वर्षं एका घरात काढलेल्या त्या जावा होत्या, आणि धाग्याच्या रंगावर त्यांचं कधी एकमत झालेलं एकाही गिऱ्हाइकाने पाहिलं नव्हतं.

धाकटी पडद्यामागे गेली. थोरली एका पँटीची दुमडपट्टी आखत होती.

"जाऊबाई, तुम्ही कलश बघायला चाललात?"

थोरलीचा खडू क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. "मोबाइलवर फोन करा म्हणून त्यांना बजावून सांगितलं होतं."

थोरलीच्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे, या वयात ऑपरेशन झेपणार नाही, हे डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. घरी आल्यावर दोघींनी त्यावर एकच उपाय केला होता. त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही.

"मला न सांगता चालला होतात?"

"सांगितलं असतं तर दोन दिवस रडत बसली असतीस, आणि त्या कोटाचं अस्तर तसंच लोंबत राहिलं असतं."

धाकटीला हे फार लागलं, कारण ते खरं होतं. "उद्या मीही येणार," ती म्हणाली.

"आणि दुकान?"

"बंद ठेवायचं."

कामाच्या दिवशी दुकान बंद म्हटलं की थोरली आकाशपाताळ एक करायची. आज ती नुसतं "बरं" म्हणाली. डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्याने बसला नव्हता तेवढा धक्का धाकटीला त्या एका शब्दाने बसला.

कार्यालय तिला वाटलं होतं तसं काळंकुट्ट नव्हतं. नुकताच रंग दिलेल्या भिंती, खिडकीत दोन कुंड्या, टेबलामागे गळ्यात चष्मा अडकवलेल्या बाई. त्यांनी फाइल उघडली. अर्ज बराचसा भरलेला होता, थोरलीच्या त्या टपोऱ्या, रुसल्यासारख्या अक्षरात. भाषणं नकोत. हार नकोत. कपडे राखाडी, मी स्वतः बेतलेले, कपाटात डावीकडे. धाकटी वाचत वाचत खाली आली. अस्थी ताब्यात घेणारी व्यक्ती, यापुढे तिचं नाव होतं.

"तुमच्या लेकीचं नाव का नाही घातलंत?"

"ती परदेशातून येईपर्यंत दोन दिवस जाणार. शिवाय तू आहेस ना."

धाकटीला भरून आलं. डोळे पुसून तिने पुढची ओळ वाचली. नातं: पती-पत्नी, अपत्य, भावंड, इतर. 'इतर'वर खूण होती.

"मी इतर?"

"तसा अर्थ नाही हो त्याचा," बाई घाईघाईने म्हणाल्या. "अर्जात रकाने चारच आहेत."

"मग पाचवा पाडा."

"अगं, इथे तरी भांडू नकोस," थोरली पुटपुटली.

"तुम्ही गप्प बसा." एकोणचाळीस वर्षांत हे वाक्य धाकटीने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. ती बाईंकडे वळली. "एवढी वर्षं मी यांचे टोमणे खाल्लेत. माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा सतरा दिवस या तिथल्या खुर्चीत बसून झोपल्या, आणि वर मलाच बोलल्या की तुझ्या घोरण्याने झोप येत नाही. इतर कोणी हे करतं का? जाऊ लिहा. स्पष्ट लिहा."

बाईंनी पेन उचललं, 'इतर' खोडलं आणि बाजूला मोठ्या अक्षरांत 'जाऊ' लिहिलं. "मलाही दोन जावा आहेत," त्या म्हणाल्या. "एकीचं नाव मी इथे डोळे झाकून लिहीन. दुसरीसाठी मात्र वेगळाच रकाना लागेल."

थोरलीला हसू आवरेना. हसता हसता तिला धाप लागली, तेव्हा बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

कलश शेजारच्या खोलीत मांडलेले होते. पितळी, दगडी, चिनी मातीचे. पांढऱ्यावर निळी फुलं काढलेला एक कलश धाकटीला फार आवडला. "हा बघा, जाऊबाई. तुमच्या रंगाला खुलून दिसेल."

"आता माझा रंग काय खुलायचाय!"

थोरली एकेक कलश उचलत होती. डाव्या हाताने उचलायचा, हात लांब करून थोडा वेळ धरायचा, मान हलवून खाली ठेवायचा. शेवटी एक पातळ लाकडाचा, झाकणाचा, चौकोनी डबा तिने धरला तो धरूनच ठेवला. "हा."

"हा? असल्या डब्यात तर आपण बटणं ठेवतो."

"हलका आहे."

"हलका कशाला हवा? तुम्हाला थोडाच उचलायचाय!"

"तुला उचलायचाय," थोरली म्हणाली. "उजवं मनगट तुझं कामातून गेलंय. मशीनवर कसंबसं रेटतेस, पण बादलीसुद्धा डाव्या हाताने नेतेस, मला दिसत नाही असं वाटतं तुला. भरल्यावर यात अडीच-तीन किलोची भर पडणार म्हणे. त्यात तो दगडी घेतला तर तू वाटेतच बसशील मला घेऊन."

धाकटी निळ्या फुलांकडे बघत राहिली. मनगटाचं तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तसं सांगायला घरात दुसरं होतं तरी कोण? डबा तिने थोरलीच्या हातून घेतला, डाव्या हाताने, आणि कमरेशी टेकवून पाहिला. बरोबर बसत होता.

परत टेबलाशी आल्यावर बाईंनी दुसरं पान उघडलं. राख कुठे सोडायची, यापुढे थोरलीने 'तळ्याकाठी' असं लिहिलं होतं.

"तळं?" धाकटी ओरडलीच. "तिथल्या दमट वासाने तुमचं डोकं दुखतं. आपण टेकडीवर जायचो दर सुट्टीला. वरच्या बाकावर बसून दोघा भावांची निंदानालस्ती करायचो. तुम्हाला टेकडीच हवी असणार."

"तळ्यापाशी बस थांबते. टेकडीला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघेन. आयुष्यभर माझी मापं काढलीत तेवढं पुरे. माझ्या सोयीने मरायचं नाही, जाऊबाई. स्वतःच्या सोयीने मरा."

बाईंनी फाइलीत डोकं घातलं. थोरलीने पेन मागून घेतलं, तळं खोडलं आणि 'टेकडी' लिहिलं. "दमलीस की बसायचं," ती हळूच म्हणाली. "मला कुठे घाई असणार आहे?"

"मलाही एक अर्ज द्या," धाकटी एकदम म्हणाली.

नाव, पत्ता, जन्मतारीख तिने भराभर लिहिली. भाषणं नकोत. हार चालतील. मग अस्थी ताब्यात घेणारी व्यक्ती, आणि पेन तिथेच अडलं. तिला मूलबाळ नव्हतं. जे एक नाव सुचत होतं ते तिच्याआधीच निघायच्या तयारीत होतं. अर्ज उलटा करून ती खिडकीतल्या कुंड्यांकडे बघू लागली.

थोरलीने तो सुलटा करून पाहिला, मोबाइल काढला आणि लेकीला फोन लावला.

"हॅलो. काकूच्या अस्थी तू घ्यायच्यास. हो म्हण पटकन, अर्ज भरायचाय."

पलीकडून किंकाळी आली. "काकू गेली?"

"अगं बाई, कुठे गेली! ही काय, शेजारी बसून माझ्याकडे डोळे वटारतेय."

"आई, तुला काही रीतभात आहे का? दे तिला फोन." धाकटीने फोन कानाला लावला. पुतणीचा श्वास अजून खालीवर होत होता. "काकू, माझंच नाव लिही. शाळेत सोडायला कोण यायचं मला? वेण्या कोण घालायचं? आईला त्या कात्रीतून वेळ होता का कधी?"

"मला ऐकू येतंय," थोरली म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय. लिही, काकू. पण सावकाश हं. घाई अजिबात नाही."

धाकटीने नाव लिहिलं.

त्यानंतर थोरली पावणेदोन वर्षं जगली. त्यातला शेवटचा महिना सोडला तर रोज दुकानात बसली, रोज भांडली. एका दुपारी वामकुक्षीला म्हणून आडवी झाली ती उठली नाही. राखाडी कपडे डावीकडेच होते. लेक आली, आणि सगळं आटोपल्यावर दोघी टेकडीकडे निघाल्या. "आण मी घेते," असं पुतणी तीनदा म्हणाली. धाकटीने डबा दिला नाही. डाव्या हाताने कमरेशी धरून ती चढली आणि सात ठिकाणी बसली. प्रत्येक वेळी डबा मांडीवर घेऊन, पायऱ्या बांधणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत. वर वारा बेताचा होता. राख सोडताना पुतणी हमसून हमसून रडली. धाकटीला रडू आलं नाही. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

उतरताना मात्र तिला कडकडून भूक लागली. तिला स्वतःचीच लाज वाटली. निम्मा उतार ती तशीच उतरली, मग न राहवून थांबली.

"एक सांगू? रागावणार नाहीस ना? मला फार भूक लागलीय."

पुतणीने नाक पुसलं. "मलापण," ती म्हणाली. "चढतानापासूनच लागलीय."

पायथ्याशी एक छोटं हॉटेल होतं. दोघी समोरासमोर बसल्या आणि पोटभर जेवल्या. धाकटीने दोनदा मागून घेतलं.