ठिगळ लावलेला टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. डोक्यावर घालायचा नव्हे, तर दोन माणसांच्या छोट्या विमानाच्या इंजिनावर बसवायचा. विमानवाली मंडळी मला काउलिंग म्हणतात. माझ्या उजव्या गालावर वीतभर लांब ठिगळ आहे. मला पाहणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बोट दाखवतो. दाखवू दे! मला त्याची लाज वाटत नाही. ते कसे लागले, तेच आज सांगतो.

माझा जन्म एका साच्यात झाला. काचेच्या धाग्यांचे कापड आणि चिकट राळ यांपासून माझे दोन भाग बनले, एक वरचा आणि एक खालचा. मग विमानाच्या सुट्या भागांबरोबर खोक्यात बसून मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये आलो, लायल टॉलेफसनच्या घरी. लायल गावच्या चीजच्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याने घरच्या घरी विमान जोडायला घेतले. आधी गॅरेजमध्ये शेपूट झाले, मग पंख झाले. पुढे सगळा संसार मक्याच्या शेतांमधल्या गवताळ धावपट्टीवर, विमाने ठेवायच्या एका पत्र्याच्या हँगरमध्ये हलला. तिथे विमानाला चाके लागली, इंजिन बसले. मी मात्र खोक्यातच! टोपाची पाळी सगळ्यात शेवटी येते.

तुम्हाला वाटेल, टोपाचे काय एवढे, ठेवला की बसला. मुळीच नाही. साच्यातून मी मुद्दामच थोडा मोठा निघतो. माझ्या कडा जरा जरा कापत, घासत विमानाच्या अंगाशी जुळवाव्या लागतात. पुढे पंख्याला मी घासता कामा नये. माझ्या दोन नाकपुड्यांतून वारा नीट आत शिरला नाही, तर इंजिन तापून बंद पडेल, आणि तेही आभाळात. म्हणून मला बसवणे हे घाईचे काम नाही आणि थरथरत्या हाताचे तर नाहीच नाही.

आणि नेमके तेव्हाच लायलचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, पार्किन्सन, आणि विमान चालवायला बंदी केली.

शेजारच्या हँगरमधला ड्वेन कुबियाक हा लायलचा जुना दोस्त. मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "लायल, विकून टाक बाबा. चांगलं गिऱ्हाईक मिळेल. उगाच बघून जीव जाळत बसशील."

उत्तर दिले ते त्याच्या बायकोने, आर्डिसने. "विकायचं असेल तर आधी मला विक म्हणावं," ती म्हणाली. "लायल, तू नाही उडवणार तर मी उडवीन. परवाना तुझ्याआधी मला मिळालाय, विसरलास?"

खरेच होते ते. लग्नाआधी आर्डिस विमान चालवायची. जुळ्या मुली झाल्या आणि ते राहूनच गेले. आता केस पांढरे झाल्यावर ती पुन्हा शिक्षकाशेजारी बसून उडू लागली. गावात लोक हसले. तिने लक्ष दिले नाही.

अखेर हिवाळ्यात मला खोक्यातून काढले. बाहेर बर्फ, आत एक छोटी शेगडी. आर्डिसने माझ्या पोटात विजेरी धरली. माझी कातडी पातळ. आतल्या विमानाची कड उजेडात माझ्या अंगावर रेषेसारखी उमटली. त्या रेषेवर तिने चिकटपट्टी लावली.

"कापतो मी," लायल म्हणाला.

"मी कापते. तू फक्त सांग."

"अकरा वर्षं हे विमान मी बांधलंय, आर्डिस. शेवटची कड मीच कापणार."

तिने कापायचे यंत्र त्याच्या हाती दिले. गरगर फिरणारे पाते माझ्या कडेला लागले. थोडा वेळ सरळ चालले. मग त्याचा हात उसळला आणि पाते रेष सोडून थेट माझ्या गालात घुसले.

मग लायलने यंत्र जमिनीवर आपटले, स्टूल लाथेने उडवले आणि कोट न घालताच तो बर्फात निघून गेला.

ड्वेन कॉफीचा पेला घेऊन डोकावला. माझा फाटका गाल बघून त्याने मान हलवली. "गेलं हे कामातून. फेकून दे, नवं मागव."

मित्रांनो, तुम्हीच सांगा, एका घावाने कुणी कामातून जातो का? मला तोंड असते तर मी तिथल्या तिथे ड्वेनला सुनावले असते. पण ते काम आर्डिसने केले.

"तुझी गेल्या उन्हाळ्यात कंबर मोडली होती, तेव्हा तुला कुठे फेकलं आम्ही?" ती म्हणाली. "जा, लायलचा कोट नेऊन दे त्याला."

ड्वेन कोट घेऊन गुपचूप गेला.

पुढचे काही दिवस लायल हँगरकडे फिरकला नाही. आर्डिस एकटीच यायची. फाटलेल्या भागाच्या आतून आणि बाहेरून तिने काचेचे कापड राळेत भिजवून चिकटवले, थरावर थर. थंडीत राळ वाळेना, म्हणून दिवा जवळ लावून ती मला ऊब देत बसायची. मी वाळलो, घट्ट झालो. पण ठिगळ उंच-सखल, खरखरीत. मग एका सकाळी ती लायलला दंडाला धरून घेऊन आली.

"कशाला आणलंस? पुन्हा भोसकू त्याला?" लायल फणकारला.

आर्डिसने सँडपेपरचा तुकडा त्याच्या हातात कोंबला. "घास. तुझा हात तसाही थांबत नाही. मग कामाला तरी लाव."

असे कुणी आजारी माणसाला बोलते का? दारात उभा असलेला ड्वेन तर कॉफी गिळायची विसरला. लायलचा चेहरा लाल झाला. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग मोठ्याने हसत सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"फार दुष्ट बाई आहेस तू," तो म्हणाला.

"लग्नाआधी चौकशी करायचीस."

लायलने हात माझ्या गालावर ठेवला. थरथर होतीच. पण ती आता माझ्यावर सरकत होती, खरखर, खरखर, आणि ठिगळ गुळगुळीत होत होते. मधूनच तो डोळे मिटून बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचा, "इथे अजून उंच आहे." कड आर्डिसने कापली, तीही जराशी जास्तच. त्यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. पुन्हा थर, पुन्हा घासणे. बर्फ वितळेपर्यंत हेच चालले. शेवटी एकदा मला वर ठेवले, माझे दोन भाग जोडणाऱ्या बिजागरीतून लांब सळई सरकवली, आणि मी बसलो. कुठे फट नाही, कुठे घासणे नाही.

वसंतात आर्डिस एकटीच मला घेऊन उडाली. नव्या विमानात सुरुवातीला दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही. माझ्या नाकपुड्यांतून वारा घुसला, इंजिन थंड राहिले. लायल खुर्ची टाकून खाली बसायचा आणि ती उतरेपर्यंत आभाळाकडे बघत राहायचा.

मक्याला कणसे धरली तेव्हा त्याची पाळी आली. ड्वेनने त्याला उचलून पंखावर चढवले. वर गेल्यावर आर्डिस विमान वळवायच्या दांड्याकडे बघत म्हणाली, "धर दांडा."

"वेडी आहेस का? हात बघ माझा."

"बघितलाय. धर. माझाही हात आहे दांड्यावर."

लायलने दांडा धरला. विमान डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, पुन्हा डावीकडे. तिने हात सैल ठेवला. तसेच डुलत डुलत आम्ही धावपट्टीवरून गेलो. खाली ड्वेन टोपी काढून दोन्ही हात हलवत होता.

उतरल्यावर तो धावत आला. "लेका, पंख हलवून सलाम केलास मला!"

लायलने आर्डिसकडे पाहिले. मग ताठ मानेने म्हणाला, "केला. मग?"

मित्रांनो, जुन्या वस्तूंची आणि थकलेल्या माणसांची काळजी घ्या, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण काळजी म्हणजे पांघरूण घालून कोपऱ्यात ठेवणे नव्हे. त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका. बिघडले तर पुन्हा करू द्या. आणि आमची कीव करायचीच असेल, तर ती नंतर करा. आत्ता जरा लांब उभे राहा. आर्डिस इंजिन सुरू करते आहे.