त्यांनी तिचा दात दुरुस्त केला

माझी बायको मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी बघायची. म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं सेटवर नट आणि कॅमेरा एवढंच असतं. एक सीन आज अर्धा होतो आणि उरलेला पुढच्या आठवड्यात. मधल्या काळात नटानं केस कापलेले असतात, टेबलावरचं फूल सुकलेलं असतं, पेल्यातलं सरबत कुणीतरी पिऊन टाकलेलं असतं. पडद्यावर मात्र सगळं एका दमात घडल्यासारखं दिसायला हवं. ते जुळवायचं, आणि जुळलं नाही तर ओरडायचं, हे तिचं काम. सेटवर तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. पाठीमागे. समोर आली की बाई.

मी तिथंच सुतार होतो. खोट्या भिंती, खोटे जिने, खरी दारं. आमची ओळख दारावरूनच झाली. एक दार अडकत होतं म्हणून मी ते काढलं, घासलं आणि घाईत बिजागऱ्या उलट्या मारून बसवलं. ती तरातरा आली.

"सुतार कोण आहे इथं?"

"मी."

"काल हा माणूस दार ढकलून आत आला. आज ओढून आत येतोय. मधल्या वेळात घर उलटं झालं का?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथंच माझी विकेट गेली.

लग्नानंतर आमची करमणूक एकच. जेवणं झाली की टीव्हीसमोर बसायचं आणि चुका काढायच्या. जुन्या काळातल्या राजाच्या दंडावर लशीचा व्रण. हाणामारीत नायकाच्या डाव्या भुवईवर लागलं, दवाखान्यात पट्टी उजवीकडे. जहाज वादळात हेलकावतंय आणि खोलीतला पडदा इस्त्री केल्यासारखा सरळ. चूक आधी जो पकडेल त्यानं बसून राहायचं, दुसऱ्यानं भांडी घासायची. या नियमानं मी आयुष्यभर भांडी घासली.

तिची एक गोष्ट होती. सेटवरच्या चुकांवर ती चिडायची, पण त्या तिला आवडायच्याही. म्हणायची, "पेला बदललाय म्हणजे तहान लागलेलं कुणीतरी तिथं होतं." कॉम्प्युटरनं केलेल्या इफेक्टच्या चुकांना मात्र तिच्याकडे माफी नव्हती. "हा राक्षस बघा, सुतार. एवढा धिप्पाड आणि सावलीच नाही. असणार कशी? तिथं कुणी नाहीच आहे."

आमचे जावई नेमके त्याच धंद्यातले. पडद्यावर पूल पाडतात, पूर आणतात. ती त्यांना सोडते होय! "जावईबापू, तुमच्या पुरात अख्खं गाव बुडालं, पण त्या कुत्र्याचे पाय कोरडेच राहिले हो." ते लाजायचे आणि हसायचे. माणूस चांगला आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांचं मन दुखावलं.

गेल्या वर्षी ती गेली. फुप्फुसं थकली होती. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा सेटवरच्या जुन्या मंडळींनी ठरवलं, स्टुडिओतल्या हॉलमध्ये जमायचं आणि तिची आठवण काढायची. मला बरं वाटलं. मग एका रविवारी सकाळी लेक आणि जावई घरी आले. जावयांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला. लेकीनं माझा हात धरला.

"बाबा, कार्यक्रमात हे दाखवायचंय. आधी तुम्ही बघा."

पडद्यावर माझी बायको आली. निळा स्वेटर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. खिडकीशी बसली होती. ती माझ्याकडे बघून बोलायला लागली.

"अहो, रडू नका. मी जिथं आहे तिथं सुखात आहे. तुम्ही सगळ्यांनी मला इतकं प्रेम दिलंत. माझं आयुष्य भरून पावलं."

आवाज तिचाच. जावयांनी तिच्या फोनवरच्या निरोपांतून तो बनवला होता. फोटोंतून चेहरा बनवला होता. महिनाभर ऑफिस सुटल्यावर बसून त्यांनी हे केलं होतं. लेक रडत होती आणि रडताना हसतही होती. वर्षभरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी मात्र पडद्याजवळ सरकलो. खिडकी तिच्या उजव्या हाताला होती आणि नाकाची सावलीही उजवीकडेच. चष्म्याच्या काचेत काहीच उमटत नव्हतं. आणि दात. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. खिळ्यांचं पाकीट उघडेना म्हणून बाईनं दातानं फाडलं होतं, मी पक्कड आणेपर्यंत धीर नव्हता. पडद्यावर तो दात अख्खा होता.

"बंद करा," मी म्हणालो.

"बाबा, अजून आहे पुढे."

"असू दे. ही ती नाही."

जावई खाली बघत म्हणाले, "लाइटिंगमध्ये थोडी गडबड आहे, मला माहीत आहे. अजून वेळ आहे. तुम्ही सांगा, मी सुधारतो."

"सुधारू नका. दाखवू नका. तिनं जन्मात कधी मला अहो म्हटलं नाही. आणि सुखात आहे म्हणे! सुखात असताना तरी ती सुखात आहे म्हणाली का कधी? फणसाच्या काट्यासारखी बाई, तिला तुम्ही साखरेच्या पाकात बुडवलीत."

"तुम्हाला नुसत्या चुका दिसतात," लेक म्हणाली. "मला आई दिसते."

माझी जीभ तिखट झाली.

"चार लोकांसमोर ही तुझी आई म्हणून दाखवणार असशील तर मी गप्प बसणार नाही."

"मग येऊच नका."

"माझ्या बायकोचा कार्यक्रम आणि मी येऊ नको? वा गं वा!"

ती लॅपटॉप मिटून निघून गेली. जावई दारात घुटमळले. "बाबा, तिला रोज ते बघायचं असतं. मी नाही कसं म्हणू?" पण मी माघार घ्यायची नाही असं ठरवलं. ती असती तर तिनंही घेतली नसती. वेळेअभावी दिग्दर्शक चूक तशीच पुढे ढकलायला बघायचे तेव्हा ती कॅमेऱ्यासमोर जाऊन बसायची. अक्षरशः बसायची, फरशीवर.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी वेळेवर पोचलो. दाढी केली होती, पांढरा शर्ट घातला होता. हॉल ओळखीच्या चेहऱ्यांनी भरला होता. मेकअप करणारा पावडरमामा काठी टेकत आला होता. लाइटवाला बत्तीशेठ होता, त्याचे केस गेले होते पण आवाज तोच, भोंग्यासारखा. लेकीनं मला पुढच्या रांगेत बसवलं. बोलली नाही. खुर्ची मात्र ओढून दिली.

आधी दोघातिघांनी भाषणं केली. शांत स्वभावाच्या, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या, वगैरे. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आलो की काय. मग खिडक्यांचे पडदे ओढले, आणि समोरच्या भिंतीवर ती आली. या वेळी भिंतीएवढी मोठी.

"अहो, रडू नका."

मागे कुणीतरी हुंदका दिला. पावडरमामानं रुमाल काढला. जावयांनी मधल्या आठवड्यात मेहनत घेतली होती, नाकाची सावली आता बरोबर पडली होती. चष्म्यात खिडकीही दिसत होती. याचीच मला जास्त भीती वाटली. अजून महिनाभर दिला असता तर चूक काढायला जागाच उरली नसती, आणि ही बाई कायमची माझ्या बायकोच्या जागी बसली असती.

मी उठलो आणि भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो. प्रोजेक्टरचा उजेड माझ्या डोळ्यांत शिरला. तिचं तोंड माझ्या शर्टावर हलत होतं, आणि तिच्या गालावर माझी सावली पडली होती. अख्ख्या सिनेमात तेवढी एकच खरी.

"बाबा, बसा ना," जावई हळूच म्हणाले.

"नाही बसत. मंडळी, ही माझी बायको नाही. जावयांनी प्रेमानं केलंय, कष्ट घेतलेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या बाईनं आयुष्यभर खोटं पकडलं तिला खोटं करून तुम्ही तिच्यासमोर रडताय. ती आत्ता इथं असती तर तुम्हाला काय म्हणाली असती?"

भिंतीवरची ती माझ्या अंगावर बोलत राहिली, प्रेम, माया, आशीर्वाद. कुणीतरी म्हणालं, "वहिनी गेल्यापासून यांचं जरा..." पुढचं मला ऐकू आलं नाही. लेक उठली. मला वाटलं मला ओढून खाली बसवणार. ती सरळ प्रोजेक्टरपाशी गेली, बटण दाबून तो बंद केला आणि हॉलबाहेर निघून गेली.

अंधारात खुर्च्या करकरल्या. मग बत्तीशेठचा भोंगा वाजला.

"खरं सांगू का? बाई माझ्याशी एवढं गोड एकदाही बोलल्या नाहीत. मला तर वाटलं, मेल्यावर माणूस सुधारतं."

एकजण फुसकन हसला. मग पावडरमामा म्हणाला, "मला एकदा म्हणाल्या, मामा, ह्या मुलीला काल तीळ गालावर होता, आज हनुवटीवर आहे, उद्या काय खांद्यावर उतरणार?" आणि मग सगळेच बोलायला लागले. कुणी पडदे उघडले. ज्याला त्याला तिनं दिलेली बोलणी पाठ होती. शांत स्वभावाच्या म्हणणारे गृहस्थच सांगत होते, तिनं त्यांना सर्वांदेखत कसं झापलं होतं ते.

मी बाहेर गेलो. लेक पायऱ्यांवर बसली होती. गुडघे दुखत असूनही मी तिच्या शेजारी बसलो.

"तुम्ही कार्यक्रम मोडलात," ती म्हणाली.

"मोडला."

"माफी मागणार?"

"नाही."

पार्किंगमध्ये एक माणूस स्कूटर पुसत होता.

"दात त्यांनी नाही केला," ती म्हणाली. "मी करायला लावला. तिच्या नकळत काढलेल्या एका फोटोवरून कॉम्प्युटरनं तुटकाच दाखवला होता. आईला तो आवडायचा नाही, बाबा. फोटो काढताना ती तोंडावर हात धरायची. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ती हसलेली नाही. मला वाटलं, निदान आता तरी तिला मोकळं हसू दे."

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे हात धरायची ते ठाऊक होतं, पण मला वाटायचं तिला फोटोच आवडत नाहीत. माझ्यासमोर ती त्या दातासकट खदखदा हसायची. लेकीला ते हसू लग्नाच्या फोटोत हवं होतं, आणि मिळालं नव्हतं. माझा राग एकदम कुठे ठेवावा ते कळेना. पण म्हणून मी माझं म्हणणं सोडलं नाही.

"लपवायचं की नाही ही तिची मर्जी होती. तिनं लपवलं, दुरुस्त नाही केलं. दाताचा डॉक्टर चौकात बसतो, गेली का कधी? आपण कोण तिच्या मागे तिचा दात बसवणारे?"

"मी तिची मुलगी आहे."

"हो. आणि मी नवरा. आपण दोघांनी तिला विचारलेलं नाही."

तिनं नाक पुसलं. "व्हिडिओ मी पुसणार नाही. रोज बघणार."

"बघ. मी बघणार नाही. आणि माझ्यासमोर त्याला आई म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"मालिका म्हण."

ती हसली नाही. इतक्यात आतून मोठा हशा ऐकू आला आणि त्यावर बत्तीशेठचा आवाज, "अरे ऐका तर, पुढे काय म्हणाल्या!" लेकीनं मान वळवली. तिच्या आईनं सेटवर कुणाला काय सुनावलं होतं हे तिला कधी कळलंच नव्हतं. ती शाळेत असायची, मग कॉलेजात, मग सासरी.

ती उठली. मला हात दिला नाही, तिला अजून राग होता. दरवाजा ढकलून ती आत गेली. मी तिथंच बसून ऐकत राहिलो.

"काका," ती म्हणत होती, "परत पहिल्यापासून सांगा. आणि आई जसं म्हणाली तसंच. एकही शब्द गोड करायचा नाही."