रक्तकरी ठरलेली सुईण

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. चोपड्याकडचं गाव, केळीच्या बागांना पाणी द्यायचे दिवस, आणि अख्खं गाव इथे तळहाताला हळद चोळत बसलेलं!

"रत्नपुरी!" आठवडाभर गावात मुक्काम ठोकलेले महाराज गरजले. "सातपुड्याच्या पोटात बुडालेली देवांची नगरी! तिथे दोनच जाती. पीतकरी घडवणारे, रक्तकरी नासवणारे. गेल्या जन्मी तुम्ही सगळे तिथलेच!"

शिष्य एकेकाच्या तळहाताला भंडारा चोळायचा आणि हात पाण्याच्या घंगाळात बुडवायचा. पिवळा राहिला तर पीतकरी. लाल झाला तर रक्तकरी, त्याने आपल्या कामाला पुन्हा शिवायचंच नाही. हिलाल शिंप्याने मशीन झाकलं होतं. उखर्डू न्हाव्याने वस्तरा टाकला, त्यामुळे निम्मं गाव दाढ्या वाढवून बसलं होतं.

लोकल बोर्डाच्या शाळेतले तोताराम गुरुजी मात्र कासावीस झाले होते. घरी त्यांची बायको इंदिराबाई सकाळपासून कळा देत होती, आणि गावातली एकुलती सुईण भिकुबाई लाल तळहात पदरात लपवून मंडपाच्या कोपऱ्यात बसली होती.

"अक्का, चला लवकर!"

"नही गुरुजी. मन्हा हात लाल व्हयनात. मी हात लावा ते पोर मरी जाई."

"अहो, गावातली निम्मी पोरं तुमच्याच हातची ना?"

भिकुबाई नुसती रडायला लागली. गुरुजींचं डोकं तापलं. या बाईने काल भर सभेत विचारलं होतं, "म्हाराज, तुम्ही तठे काय काम करेत?" सगळे हसले होते. आणि आज तिचा हात लाल!

गुरुजी नीट बघू लागले. घंगाळं दोन होती, एक तांब्याचं, एक पितळी. शिष्य आधी महाराजांच्या डोळ्यांकडे बघायचा, मग घंगाळ निवडायचा. पाटलांचा हात तांब्याच्यात गेला, पिवळाधमक निघाला. हळदीचा डाग पडलेलं धोतर सोड्यात घातल्यावर लाल झालं होतं, ते गुरुजींना आठवलं.

ते तडक पुढे घुसले. दोन्ही हातांना भंडारा चोळून त्यांनी एकेका घंगाळात एकेक हात घातला. एक पिवळा, एक लालभडक!

"बोला महाराज, माझी जात कुठली?"

"दुष्टा! नगरीचा कोप होईल!"

गुरुजींनी महाराजांचाच हळदीने माखलेला हात धरला आणि पितळी घंगाळात बुचकळला. लालेलाल! मंडपात हसण्याचा कल्लोळ झाला.

"घरोघरी पापड लाटता ना? या पाण्यात पापडखार आहे. हळदीला खार लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी." गुरुजींनी पूजेच्या ताटातलं लिंबू कापलं आणि कोपऱ्यातल्या भिकुबाईजवळ जाऊन तिच्या तळहातावर पिळलं. लाली उतरली. "अरे, आहेत त्या जाती कमी पडल्या, म्हणून बुडालेल्या गावातून आणखी दोन आणल्या? माणसाचं कसब बघा. कुणी काही सांगितलं तर आधी करून पाहा, मग—"

"गुरुजी!" भिकुबाई पदर खोचून उभी राहिली. "भाशन मंग द्या. बाई तठे अडेल शे ना!"

गर्दी सारून ती पुढे निघाली, गुरुजी तिच्या मागे धावले.

दिवेलागणीच्या सुमाराला पोर रडली. दाराशी जमलेल्या गावाकडे बघत भिकुबाईने तिला दोन्ही हातांवर उचलून धरलं.

"देखा बठ्ठा," ती सगळ्यांना म्हणाली. "डोया उघाडीसन देखा."