छपरावरचा जावई

दुर्गहून भिलाईकडे येताना, रेल्वेफाटकाच्या अलीकडे, पांढऱ्या भिंतींचे आणि लाल कवेलूंच्या छपराचे एक घर होते. ते रेल्वेतल्या गुलाबराव गार्डांनी हयातीत बांधले आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी तुळसाबाई त्यावर राज्य करीत. ‘राहत’ असे म्हणणे अपुरे ठरेल. अंगणात कोणी चप्पल कुठे काढावी, पेरूला कधी हात लावावा आणि ओसरीवर किती वेळ बसल्यावर उठावे, याचे कायदे तिथे पक्के होते.

पुढे पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि सारे जग भिलाईत लोटले. पंजाबी आले, मद्रासी आले, बंगाली आले, थेट रशियाहून गोरे इंजिनिअर आले. आली नाही ती फक्त तुळसाबाईंच्या घरात वीज. तारा मात्र आल्या होत्या. परसदारात खांब रोवला गेला, आणि त्या तारा घराच्या डोक्यावरून सरळ कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांकडे निघून गेल्या. मोटारीत बसलेले नवश्रीमंत नातलग ओळखीच्या दारावरून मान फिरवून जातात, तशा. भट्टीच्या तांबड्या उजेडाने तिकडचे आभाळ असे पेटे की कोंबड्यांना पहाटेचा अंदाज लागेना. आणि त्या आभाळाखाली तुळसाबाई राखेने कंदिलाची काच पुशीत बसत.

एकदा दिवेलागणीला त्यांचा पाय जात्याच्या खुंट्यावर आपटला. लंगडणे त्यांनी कोणाला दिसू दिले नाही. पण शेजारच्या ठकूबाईंना ते दिसले, आणि ठकूबाईंना दिसलेली गोष्ट दुर्ग स्टेशनच्या फलकावर लिहिल्यासारखीच असे. पुढच्याच रविवारी मुलगा विजयकुमार स्कूटरवर हजर झाला, मागे सून कमलिनी. विजयकुमार कारखान्यात अधिकारी होता आणि सेक्टर सहामध्ये त्याला क्वार्टर मिळाले होते.

“आई, आता बस झालं,” तो म्हणाला. “हे घर बंद करून टाक आन् चाल सेक्टर सहात. बटन दाबलं का दिवा, बटन दाबलं का पंखा.”

“बटन कोनाचं?”

“कंपनीचं.”

“मंग तुह्या डोक्यावर उजेड कोनाचा? कंपनीचाच ना? तुहे बाबा जिंदगीभर रेल्वेत होते, पन त्यायनं माह्या डोक्यावर रेल्वेचं छप्पर येऊ देल्लं नाई. सोताचं बांधलं.”

“आत्याबाई, तुमच्या काळजीनं म्हणतात ते,” कमलिनी हळूच म्हणाली.

“काळजीनं नाई, लाजेनं,” तुळसाबाई म्हणाल्या. “साहेब लोक इचारून राहिले असतील याले, तुही माय कंदिलात राहते का म्हून.”

विजयकुमारचे कान लाल झाले, त्यावरून नेम बरोबर लागल्याचे त्यांना समजले. पण तोही अखेर त्यांचाच मुलगा. तो उठून उभा राहिला.

“ठीक आहे. दिवाळीच्या पाडव्याले संध्याकाळी या घरात विजेचा दिवा लागला, तर मी क्वार्टरचं नाव काढनार नाई. नाई लागला, तर घराले कुलूप लावून तू माह्याकडे. मंजूर?”

तुळसाबाईंनी ओसरीकडे पाहिले. या जमिनीवर गुलाबरावांनी आपल्या हाताने पाणी शिंपून पहिली कुदळ मारली होती. इथून उठायचे, म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर खिळा ठोकायचीही परवानगी मागायची. पण नकार दिला, तर भ्याल्या असे दिसेल, आणि कुंपणापलीकडे ठकूबाईंच्या बांगड्या वाजत होत्या.

“मंजूर,” त्या म्हणाल्या. “ठकूबाई, ऐकलं ना हो?”

“हाव, ऐकलं!” कुंपण उत्तरले.

कारखान्याकडे अर्ज करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दुर्गच्या बाजारात मात्र केवलरामचे रेडिओचे दुकान होते. वीज नसलेल्या गावांतल्या मालगुजारांना रेडिओ विकायचे, तर बॅटरी भरण्याचीही सोय विकावी लागते. म्हणून त्याने वाऱ्यावर वीज करणाऱ्या तीन पवनचक्क्या दुकानामागे मांडून ठेवल्या होत्या. ही बातमी ठकूबाईंनीच आणली. वैशाखात एका सकाळी दोघी जरीकाठाची लुगडी नेसून तिकडे निघाल्या.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुळसाबाईंना मुलगी नव्हती, आणि सून विजयकुमारने स्वतःच पसंत केली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी स्थळे पाहण्यात ज्यांचा शब्द अखेरचा मानला गेला, त्यांना आपल्या घरासाठी माणूस निवडण्याची संधीच मिळाली नव्हती. ती सारी साठलेली विद्या त्या दिवशी केवलरामच्या मागच्या अंगणात उतरली.

केवलरामने चहा मागवला. तुळसाबाईंनी पेला बाजूला सारला. मुलाकडच्या घरी मुलीच्या बाजूने पाणी घ्यायचे नसते.

“हा पयला कोन्या घराण्यातला?” त्यांनी उंच, तीन रुंद पात्यांच्या चक्कीकडे बोट केले.

“माँजी, फौज का माल है. लढाईच्या टाईमचा. बडा दमदार.”

“म्हंजे सरकारी नोकरीत होता.” त्या समाधानाने म्हणाल्या. “आन् हा?”

दुसऱ्याला दोनच लांब पाती होती. तुळसाबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. “हा लई लुकडा दिसून राहिला. हात पसरून उभा आहे नुसता. कोनी काई द्यावं म्हून.”

“अन् हा गुटगुटीत आहे, बापा,” ठकूबाई तिसऱ्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या. तो बुटका होता, काळसर होता, आणि त्याला फुलासारखी पुष्कळशी आखूड पाती होती. त्यांच्या पदराचा वारा लागताच तो गरगर फिरू लागला.

“माँजी, हाच घ्या,” केवलराम हात जोडून म्हणाला. “जरासी हवा, और चालू. उजेड थोडा कमी देईल, पण रोज देईल. तो फौजी बडी हवा मांगता है. हलकी हवा में हिलेगा भी नहीं.”

तुळसाबाईंनी त्या फिरणाऱ्या बुटक्याकडे थंड नजरेने पाहिले. असे मुलगे त्यांनी खूप पाहिले होते.

“कोनी फुंकर मारली का फिरते. बाईच्या पदरानं फिरला, उद्या कोनाच्याही पदरानं फिरन. याले सोताचं वजन नाई.” मग त्या फौजी चक्कीपाशी गेल्या आणि तिचे एक पाते हाताने ढकलले. पाते इंचभर हलले आणि पुन्हा होते तिथे आले. “याले म्हंतेत मानूस. ज्याच्या त्याच्या सांगन्यावरून हालत नाई.”

“अरे माँजी, हलना ही तो उसका काम है!”

“आमच्या छपरावर वाऱ्याची कमी नाई. काल माही कुरडयांची चादर उडाली, ते फाटकावर जाऊन अटकली.”

हे अगदी खरे होते. वैशाखातल्या लूचा, त्या तापल्या वाऱ्याचा, तो झपाटा होता, आणि पाडवा कार्तिकात असतो. केवलरामने तोंड उघडले. पण गिऱ्हाईक स्वतः महागाचा माल मागत असताना किती वेळ अडवायचे, यालाही व्यापारात मर्यादा असते. फौजी पसंत झाला. जमलेल्या सोयरिकीवर मग चहाही झाला.

कामगारांच्या कॅम्प-१ मधल्या एका वेल्डरने छपराशेजारी लोखंडी खांब उभा केला, आणि केवलरामच्या माणसाने ओसरीत बॅटरी, बटन आणि दिवा बसवून दिला. फौजीला वर चढवण्याआधी तुळसाबाईंनी त्याला हळद लावली आणि मधल्या बोंडावर मुंडावळ्या बांधल्या.

“जावई तर झाला,” ठकूबाईंनी खालून विचारले, “पन नवरी कोन व्हय?”

“घर,” तुळसाबाई म्हणाल्या. “घरजावई आहे तो.”

आणि खरोखरच ज्येष्ठ-आषाढात जावयाने नाव काढले. पावसाळी वाऱ्यावर पाती अशी घोंघावत की फाटकावरचा गेटमन गाडी आली समजून बाहेर येई. ओसरीतला दिवा लखलखू लागला. तुळसाबाईंनी त्या उजेडात फाटकापलीकडच्या बायांना बोलावून हळदीकुंकू केले, आणि आपल्या पारखीचे वर्णन न मागता ऐकवले. विजयकुमारने तो दिवा पाहिला आणि “पाडव्याले पाहू” एवढेच म्हणून तो गेला. हे त्यांना हरणाऱ्याचे बोलणे वाटले.

भाद्रपदात जावई आळसावला. आश्विनात तर तो दिवसातून एखादी कूस बदले. शरदातली दुर्गची हवा. धान पिकून उभे राहते आणि त्यासोबत वाराही उभा राहतो. तुळसाबाई रोज सकाळी अंगणात येऊन वर पाहत आणि आत जात. केवलरामचा बुटका त्यांना आठवत असे की नाही, हे विचारण्याची ठकूबाईंचीदेखील छाती झाली नाही.

पाडवा आला. विजयकुमार आणि कमलिनी आले, ठकूबाई साक्षीदार म्हणून येऊन बसल्या. तुळसाबाईंनी दिवाळसणात काही उणे ठेवले नव्हते. पहाटे माणूस चढवून जावयाच्या आसाला सुगंधी तेल चोळवले होते, खांबाला उटणे लावले होते, खालून औक्षण केले होते. नैवेद्याला करंज्या होत्या. जावई ढिम्म हलला नाही.

“रुसला, बापा,” ठकूबाई म्हणाल्या. “पयला दिवाळसन व्हय. आंगठी मागत असन.”

कमलिनीने पदर तोंडाला लावला. विजयकुमार वाऱ्याच्या वेगाबद्दल इंग्रजीत काहीतरी सांगू लागला, पण ते कोणी ऐकत नव्हते. कारण तुळसाबाई उठल्या होत्या. त्यांनी बटन दाबले. दिव्यातली तार लाल सुतासारखी क्षणभर दिसली आणि विझली.



“आत्याबाई, लागला होता की थोडा,” कमलिनी म्हणाली. तिच्या स्वरात खरा कळवळा होता. “मी पाहिला.”

त्या एका वाक्याला धरून भांडता आले असते. तुळसाबाईंनी सुनेकडे पाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मुलाची पसंती वाईट वाटली नाही.

“नाई,” त्या म्हणाल्या. “नाई लागला. शब्द म्हंजे शब्द.”

त्यांनी देवघरातले देव पेटीत ठेवले, चुलीवर पाणी शिंपडले, आणि जाताना ओसरीच्या भिंतीवर उगाच तळवा टेकवून ठेवला. मग किल्ली विजयकुमारच्या हातात दिली.

“चाल. पन जावई संग येईन.”

“कोन?”

“दिवाळसनाले आलेल्या जावयाले एकटं सोडून घराले कुलूप? गार्डसाहेबांच्या घरात असं झालं नाई. मी कुठं राहीन ते तू ठरवलं. तो कुठं राहीन ते मी ठरवते.”

जिंकलेला मनुष्य उदार होतो. विजयकुमार हो म्हणाला, आणि फसला.

सेक्टर सहामध्ये सर्व काही ग्रेडप्रमाणे होते. ग्रेडप्रमाणे खोल्या, ग्रेडप्रमाणे अंगण, ग्रेडप्रमाणे छताचे पंखे. कोणाची बायको बाजारात कोणाला आधी नमस्कार करील, हेही न लिहिता ठरलेले होते. विजयकुमारच्या ग्रेडला दोन पंखे होते आणि समोरच्या बंगल्यातल्या त्याच्या साहेबांना तीन. आता विजयकुमारच्या छपरावर तिसरा दिसू लागला, आणि तोही असा की ज्याच्या एका पात्यात साहेबांचे तिन्ही पंखे मावले असते. फिरत नाही, ही गोष्ट गौण होती. मानाच्या वस्तूला फिरावे लागत नाही.

कोणी म्हणाले, रशियनांनी विजयकुमारला निवडून काही गुप्त यंत्र दिले आहे. कोणी म्हणाले, बढती झाली, कागद यायचे आहेत. दोन शेजाऱ्यांनी आपल्यालाही हे कोणत्या ग्रेडपासून मिळते याची चौकशी केली. अखेर साहेबांच्या बाई स्वतः आल्या.

“ये ऊपर क्या लगवाया है आपने?”

“जावई आहे,” तुळसाबाईंनी पाटाकडे हात केला. “बसा. माहा मुलगा मोठा झाला ना आता, म्हून वर बसवला.”

बाई बसल्या नाहीत. पाटावर न बसता गेलेल्या पाहुणीकडे तुळसाबाई बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मग, क्वार्टरमध्ये आल्यापासून प्रथमच, त्यांनी पोटभर जेवण केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला झेंडूचा ताजा हार घातला. खांब थोडा उंच करता येईल का, असेही त्या माळ्याला मोठ्याने विचारू लागल्या. माळी साहेबांच्या बंगल्यातही काम करीत असे.

विजयकुमार त्या संध्याकाळी घरी आला तो कोमेजूनच.

“आई, साहेब आज माह्याशी बोलले नाई. फाईल घेतली आन् नुसतं छपराकडे पाह्यलं. तो पंखा उतरव.”

“जावयाले सनासुदीचा उतरवून कुठं ठेवू? कोळशाच्या खोलीत?”

“मंग परत घरी ठेवून येऊ त्याले.”

“एकटा?”

विजयकुमारने कमलिनीकडे पाहिले. कमलिनी तांदूळ निवडत होती आणि तिला एकाएकी खूप खडे सापडू लागले.

“म्हंजे... तूही जा त्याच्यासंग,” तो अखेर पुटपुटला.

“मोठ्यानं बोल. माहे कान गेले आता.”

“तूही जा म्हनून राहिलो, आई!”

“पाह्य कमलिनी, तू साक्षीदार. माह्याकडून शब्द मोडला नाई. मुलानं घालवलं, म्हून जाते.” आणि त्या देवांची पेटी आणायला उठल्या. ती कधी उघडलीच गेली नव्हती.

कुलूप निघाले, चूल पेटली, जावई आपल्या खांबावर चढला. पुढच्या पाडव्याचे नाव विजयकुमारने काढले नाही. हिवाळाभर तुळसाबाईंनी कंदिलाची काच राखेने पुसली.

वैशाखात लू सुटली. एका दुपारी ठकूबाई कुंपणाशी आल्या, तर ओसरीवर लख्ख उन्हात दिवा जळत होता, आणि त्याखाली तुळसाबाई कुरडयांच्या चादरीवर दगड ठेवीत होत्या.

“अहो, भर दुपारी दिवा?”

“घरचा उजेड आहे,” तुळसाबाई म्हणाल्या. “यील तवा लावते.”