पांढऱ्या पाण्यातली घोरपड

बोलतेय ती घोरपड. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मग ऐका.

इथल्या थाई लोकांत माझं नाव ही शिवी आहे. फटफटी चिखलात रुतली, शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, जावई पिऊन आला, की यांच्या तोंडी मी. मी मात्र कितीही संतापले तरी कुणाला 'माणूस' म्हटलेलं नाही. इतकं खाली मला उतरता येत नाही.

बांग समो कालव्याच्या काठी एका जुन्या वारुळात मी अंड्यातून बाहेर आले. आई केव्हाच निघून गेली होती. आमच्यात लाड नसतात. पोहायला, बीळ उकरायला, माणूस दिसला की दडायला माझं मीच शिकले. तेव्हा पाण्यात मांगूर होते, गोगलगायी होत्या, पायऱ्यांच्या फटीत कोळंबी होती. कोंबडीची आतडी, मेलेलं मांजर, जे काही लोक पाण्यात भिरकावत, ते मी खाऊन टाकत असे. म्हणून मी घाणेरडी. भिरकावणारे स्वच्छ!

मग पाणी आंबायला लागलं. पांढरट, चिकट, उग्र वासाचं. मासे पृष्ठभागावर तोंडं वासून यायचे आणि उलटे होऊन तरंगायचे. घाटावरच्या लोकांनी नाकाला फडकी लावली आणि जिल्हा कचेरीत तक्रार केली. कचेरीला गुन्हेगार लगेच सापडला. आम्ही! फासे घेऊन माणसं आली. माझ्या शेजारच्या बिळातल्या थोराड नराचं तोंड चिकटपट्टीने बांधलं, पाय पाठीवर आवळले आणि त्याला गाडीत टाकून नेलं. मी पुलाखालच्या मुळांत अंग चोरून बसले, म्हणून उरले. पाणी होतं तसंच राहिलं.

त्यानंतर शाळा आली. सगळ्या पोरांच्या अंगात एकसारखे निळे सदरे, छातीवर 'कालव्याचे मित्र'. असे मित्र नसलेलेच बरे. पाणी साफ व्हावं म्हणून त्यांनी औषधी मातीचे गोळे त्यात टाकले, टाकताना फोटो काढले, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा टाकले. प्लुम नावाच्या लांबड्या पोराने एक गोळा माझ्या डोक्यावर नेम धरून मारला.

"ख्रू, ही बघा! हीच घाण करते," तो शिक्षिकेला ओरडून म्हणाला.

"तिने काय केलंय रे? शेपटीने भात आंबवलाय?" बाजूची एक बुटकी मुलगी म्हणाली. तिचं नाव खिम. "वास घे जरा. हा घोरपडीचा वास आहे का?"

"तुला बरा घोरपडीचा वास माहीत!"

"तू रोज शेजारी बसतोस ना."

पोरं खिदळली. शिक्षिका ख्रू उसा मात्र चांगल्या होत्या, निदान त्या दिवसापर्यंत. त्यांनी पोरांच्या हातात बाटल्या, रंग बदलणारे कागद आणि दोरीला बांधलेली पांढरी-काळी तबकडी दिली. तबकडी किती खोलवर दिसते ते पाहायचं. गाळ चाळणीत घ्यायचा आणि त्यात काय जिवंत आहे ते शोधायचं. बाकीची पोरं दोन-चार फेऱ्यांत कंटाळली. खिम आणि तो लांबडा येत राहिले. तिला उत्तर हवं होतं, त्याला ती हवी होती.

देवळाकडच्या अंगाला त्यांच्या चाळणीत गोगलगायी निघाल्या. पुलापाशीही निघाल्या. केळीच्या बागेपासून खाली मात्र नुसता काळा गाळ. मग एका सकाळी, भिक्षू भिक्षेला निघतात त्या वेळी, दोघं बागेच्या कुंपणाशी येऊन थांबली. कुंपणातून एक जाड नळी कालव्यात उतरत होती आणि तिच्यातून भदाभदा पांढरं पाणी येत होतं. प्लुमने कागद बुडवला. रंग पालटला.

"सापडलं!" तो उडालाच. "खिम, सापडलं! कुणाची गं ही नळी?"

खिमने आपल्या सदऱ्याची बाही नाकाशी नेली. मग म्हणाली, "आमची."

तिच्या आजीचा, म्हणजे इथल्या बोलीत याय सामनियांगचा, तांदळाच्या आंबवलेल्या शेवयांचा कारखाना होता. खिमच्या कपड्यांना, केसांना, दप्तराला तोच वास.

पोरांनी कालव्यात काय सापडलं ते शाळेच्या प्रदर्शनात मांडायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी ख्रू उसांनी तिला घाटावर बाजूला घेतलं.

"खिम, तक्त्यावरचा नळीचा फोटो उतरवूया. शाळेतली सगळी पोरं दुपारी यायच्याच शेवया खातात. फुकट देते ती बिचारी."

"पण ख्रू, तुम्हीच म्हणालात, जे दिसेल ते लिहा."

"लिही ना. सगळंच लावायला हवं असं नाही."

नळीच्या जागी माझा फोटो लागला. खाली लिहिलं, 'प्रदूषणाची कारणे'. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. आमच्यात मेलेलं खातात, पण असलं काही गिळत नाहीत.

खिमने बक्षीस घेतलं नाही. कार्तिकी पौर्णिमा आली. त्या संध्याकाळी सगळं गाव केळीच्या खुंटाचे द्रोण करतं, त्यात फुलं आणि मेणबत्ती ठेवून पाण्यात सोडतं आणि गंगामाईची माफी मागतं. वर्षभर थुंकायचं आणि एका संध्याकाळी हात जोडायचे. याय रेशमी वस्त्र नेसून घाटाकडे निघाली, तर खिम वाटेत उभी.

"याय, घाटावर नको. आपल्या मागच्या दारी सोड."

"तिथे कोण सोडतं गं? वेडी आहेस का?"

"माफी मागायचीय ना? मग जिथे केलंय तिथे माग."

चारचौघांत! म्हातारीचा हात उगारला गेला. पण खिम हलली नाही, नुसती रडत राहिली. म्हातारी तणतणत मागच्या दारी आली आणि पायऱ्यांवर बसून तिने द्रोण सोडला. पांढऱ्या सायीत तो जागच्या जागी रुतला. तिने हाताने ढकलला, तरी हलेना. हात वर काढून तिने हुंगला. मी चार हातांवर होते. तिला मी दिसले, पण तिने शिवी दिली नाही.

"हा वास मला कधी आलाच नाही गं," ती म्हणाली. "जन्म यातच गेला. मला वाटायचं, माझाच वास आहे."

माणसाच्या तोंडून ऐकलेलं हे मला पटलेलं पहिलं वाक्य.

मामाने, म्हणजे यायच्या मुलाने, पुष्कळ आदळआपट केली, पण बागेत खड्डे खणले गेले आणि नळी तिकडे वळली. लगेच कचेरीने कालवा आपण साफ केल्याचा फलक घाटावर लावला. त्यावर साहेबाचा फोटो, ख्रू उसांचा फोटो. खिम नाही. आणि फासेवाले पुन्हा आलेच. प्लुमला विचारलं, घोरपड कुठे? मी त्याच्या पायाखालच्या पायरीआड होते. त्याने बेधडक पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. खोटं बोलणं तुम्हाला छानच जमतं. माझ्या उपयोगी ते तेवढं एकदाच पडलं.

आता मी म्हातारी झाले आहे. बागेखालच्या गाळात गोगलगायी परतल्यात, पण थोड्या. वरच्या अंगाला बाजाराचं गटार आहे, पलीकडे रंगवाल्याचा हौद आहे, आणि त्यांच्या नाती शाळेत जात नसाव्यात. खिम अजून बाटली घेऊन येते. एकटीच. मी तिच्यापासून पळत नाही, इतकंच. याला तुम्ही प्रेम म्हणू नका.

तुमच्याकडे मागणं एवढंच, की पाण्याला वास आला तर माझ्यामागे धावू नका. प्रवाहाच्या उलट दिशेने काठाकाठाने चालत जा. बहुतेक तुमच्याच मागच्या दाराशी पोहोचाल.

ऊन चढलं. मी पाण्यात उतरते. वाट सोडा.